शीट फिल्म पुढेही मिळत राहावी म्हणून मी काय करते

औशाच्या आमच्या स्टुडिओत अण्णांचं एक लोखंडी कपाट होतं. आत बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, आणि प्रत्येक पाकिटावर गाव, नाव, तारीख. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. दिवाळीनंतर किल्लारीकडून, सास्तूरकडून लोक स्टुडिओत येऊ लागले. "आमच्या पोराचा फोटो काढला होता तुम्ही, शाळेच्या फॉर्मासाठी. तेवढा एक द्या." घरातले फोटो घरासोबत मातीत गेले होते. अण्णा पाकीट शोधायचे, प्रिंट काढायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मी तेव्हा बारावीला होते. ट्रे हलवायचं काम माझ्याकडे. पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा यायचा, आणि बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असायची.

आता मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोठा कॅमेरा घेऊन फिरते. खरोशाची लेणी, निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर, नळदुर्गचा किल्ला, जुन्या बारवा, आणि त्या गावांतली म्हातारी माणसं. चार बाय पाच इंचाची शीट फिल्म वापरते, म्हणजे रोलऐवजी एकेक सुटी, सपाट फिल्म. अण्णांचा फुल प्लेट कॅमेराही अजून चालू आहे. केरळात आलप्पुळाला बनलेला सागवानी वागेश्वरी. भात्याला मी दोनदा ठिगळं लावली, बाकी ठणठणीत.

नवीन पोरं येतात, कॅमेरा बघून हरखतात, आणि लगेच विचारतात, "मॅडम, पण ही फिल्म अजून किती दिवस मिळणार?" त्यांना मी जे सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी कारखाना समजून घ्या

शीट फिल्म रोलच्या आधारानं जगते. इलफोर्डची एफपी-फोर असो की कोडॅकची ट्राय-एक्स, फिल्म कारखान्यात सुट्या शीटवर बनत नाही. लांबच लांब, रुंद पट्ट्यावर जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचं इमल्शन चढवतात, मग तो पट्टा कापतात. ३५ मिलिमीटरच्या रोलला पातळ बेस लागतो. शीटला जाड लागतो, साधारण ०.१८ मिलिमीटरचा पॉलिएस्टर, म्हणजे ती होल्डरमध्ये, शीट कॅमेऱ्यात बसवायच्या चपट्या खोक्यात, सपाट राहते. म्हणून शीटसाठी मशीन वेगळं लावून वेगळी फेरी काढावी लागते. ती फेरी शंभर-दोनशे डब्यांसाठी परवडत नाही. मागणी साठली की एकदा काढतात आणि तो माल पुरवून पुरवून विकतात. म्हणून एखादी शीट फिल्म सहा महिने दुकानात दिसली नाही तर लगेच घाबरू नका. पण रोलची विक्री घटली, की पहिली कुऱ्हाड शीटवर पडते, हेही खरं.

आजवर काय काय गेलं ते लक्षात ठेवायला हवं. हंगेरीचा फोर्टे कारखाना २००७ ला बंद झाला. क्रोएशियात एफके फिल्म बनायची. २०१२ ला तिथलं मशीन बिघडलं, दुरुस्ती परवडेना, आणि ती फिल्म संपली. फुजीनं २०१८ ला एक्रॉस बंद केली. वर्षभरानं ती नव्या रूपात परत आणली, पण रोलमध्येच. शीट परत आली नाही. आणि आपल्या घरची गोष्ट म्हणजे उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स. १९६० ला सरकारनं काढलेली कंपनी. तिच्या 'इंदू'च्या डब्यांवर अण्णांची अर्धी हयात गेली. तोही कारखाना बंद पडला. आज भारतात शीट फिल्म बनवणारं कोणी नाही. जे येतं ते बाहेरून येतं.

आता कोण उरलंय? इंग्लंडमध्ये मॉबर्लीला हार्मन टेक्नॉलॉजी, म्हणजे इलफोर्डची फिल्म. ही कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होती. तिथल्याच व्यवस्थापकांनी विकत घेऊन २००५ ला पुन्हा उभी केली. शीटमध्ये एफपी-फोर प्लस, एचपी-फाइव्ह प्लस, डेल्टा १०० आणि ऑर्थो प्लस मिळते. डिसेंबर २०२३ ला त्यांनी फिनिक्स नावाची नवी रंगीत फिल्म काढली. मला रंगीत लागत नाही, तरी ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं. नवी फिल्म काढणारा कारखाना उद्या कुलूप लावायच्या विचारात नसतो. दुसरा चेक देशातल्या ह्राडेक क्रालोवेचा फोमा. १९२१ पासूनचा, आणि तिघांत स्वस्त. तिसरा कोडॅक, अमेरिकेत रोचेस्टरला. २०१२ ला दिवाळखोरीत गेला, पुढच्या वर्षी बाहेर पडला. ट्राय-एक्स ३२० आणि दोन्ही टी-मॅक्स शीटमध्ये देतो. सुंदर फिल्म आहेत, पण किंमत माझ्या पगाराला झेपत नाही.

यावरून माझा पहिला सल्ला: जी शीट वापरता, त्याच फिल्मचे ३५ मिलिमीटरचे रोलही घेत चला. मी वर्षाला दहा रोल घेते आणि कॉलेजातल्या पोरांना देते. जुने कॅमेरे घरोघरी माळ्यावर पडलेले असतातच. त्यातली एक पोरगी आता उदगीरच्या किल्ल्यावर स्वतःच्या पैशानं रोल घालते. ते दहा रोल म्हणजे कारखान्याच्या हिशोबात थेंबच, पण रोलचं गिऱ्हाईक असंच एकेक करून वाढतं.

कोणती घ्यायची

दोन कारखान्यांची दोन फिल्म हाताशी ठेवा, आणि दोन्हींचा स्वभाव ओळखीचा करून घ्या. एक गेली तर दुसरीवर शून्यापासून शिकायची वेळ येऊ नये. माझी मुख्य एफपी-फोर, जोडीला फोमापॅन १००.

या दोघींतला मोठा फरक अंधारात कळतो. खरोशाच्या लेण्यात आतल्या मूर्तीवर प्रकाश मोजायचं मीटर दहा सेकंद दाखवतं. प्रकाश कमी असला की फिल्म आळसावते, जास्त वेळ द्यावा लागतो. एफपी-फोरला इलफोर्डचा हिशोब असा की मीटरच्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा. म्हणजे दहाचे अठरा सेकंद. फोमापॅन १०० ला कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे दहा सेकंदाला आठपट, म्हणजे ऐंशी सेकंद. पहिल्यांदा मी फोमाला वीस सेकंद दिले आणि निगेटिव्ह काचेसारखी कोरी निघाली. तेव्हापासून लेण्यात एफपी-फोर, उन्हात फोमा.

साठ्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची: वेगवान, म्हणजे जास्त स्पीडची, कमी प्रकाशात चालणारी फिल्म लवकर म्हातारी होते. कितीही थंडीत ठेवा, आजूबाजूचं नैसर्गिक किरणोत्सर्जन तिच्यावर काम करतच राहतं, आणि जास्त संवेदनशील फिल्मवर जास्त. दहा वर्षांसाठी ठेवायची तर शंभर-सव्वाशे स्पीडची ठेवा. चारशेची लागेल तशी आणा.

किती घ्यायची

मागच्या वर्षी खरंच किती शीट उघडल्या ते मोजा. मनात येईल तो आकडा धरू नका, होल्डरच्या वहीत बघा. माझ्या साधारण एकशेवीस होतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन वर्षांचा माल फ्रीजरमध्ये, आणि दर वर्षी जेवढा वापरला तेवढा भरायचा. याहून जास्त मी ठेवत नाही. भीतीपोटी एकदम पाच वर्षांचा माल उचलणारे मी पाहिले आहेत. पैसा अडकतो, फिल्म जुनी होते, आणि मग हात आखडतो, चांगल्या कामासाठी म्हणून डबा तसाच पडून राहतो. कारखान्यालाही एकदाच आलेली मोठी ऑर्डर फार उपयोगी पडत नाही. दर वर्षी येणारी छोटी ऑर्डर पडते, कारण तीवरून ते पुढची फेरी ठरवतात.

फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. हा, हाफ प्लेट किंवा असेच जुने आकार असतील तर ते दुकानात शोधत बसू नका. इलफोर्ड वर्षातून एकदा अशा आडमापाच्या शीटच्या ऑर्डरी घेतं. दुकानदारामार्फत आधी नोंदवायचं, माल काही महिन्यांनी येतो. तारीख चुकली की वर्ष गेलं. आणि जुन्या काचेच्या प्लेटच्या स्लाइडमध्ये, म्हणजे होल्डरमध्ये, फिल्म नुसती घातली तर सैल बसते, फोकस हलतो. त्यासाठी पत्र्याची पातळ फिल्म शीथ लागते. अण्णांच्या सहा होत्या, दोन हरवल्या. त्या मी भांड्याच्या कारागिराकडून जुन्या मापानं करून घेतल्या.

मागवताना

मुंबईत आयात करणारे आहेत, शक्यतो त्यांच्याकडूनच घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण कस्टमची उठाठेव त्यांची. स्वतः परदेशातून मागवायची वेळ आलीच तर बिलावर ३७०१ हा कस्टमचा कोड लिहायला सांगा. सपाट, न वापरलेली फोटोफिल्म त्याच्याखाली येते. आणि डब्याच्या चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा: प्रकाशानं खराब होणारी फिल्म, अंधाराशिवाय उघडू नये.

हे मी शिकले ते पंचवीस शीट गमावून. पार्सल आलं, वरची चिकटपट्टी कापून पुन्हा लावलेली. आतल्या डब्याचं सीलही कापलेलं. वाटेत कुणीतरी आत काय आहे ते बघितलं होतं. मी तरी आशेनं एक शीट धुतली. काळी कुळकुळीत. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतके दिवस पैसे साठवले होते.

म्हणून सील तुटलेलं दिसलं, किंवा डबा जुना असला, तर ही परीक्षा करा. अंधारात एक कोरी शीट काढून कात्रीनं दोन तुकडे करा. एक तुकडा थेट हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ आणि मग हायपोत. वाळल्यावर दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. दुसरा किंचित राखाडी दिसणं साहजिक आहे. स्पष्ट काळपट असेल तर फॉग आलाय, म्हणजे फोटो न काढताच फिल्म काळवंडली आहे. थोडा फॉग असेल तर फिल्म वाया गेली असं नाही. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायाझोलचं एक टक्क्याचं द्रावण लिटरला काही मिलिलिटर घालायचं आणि फोटो काढताना प्रकाश दुप्पट द्यायचा. अण्णांच्या कपाटातला एक विसरलेला डबा मी असाच संपवला.

लातूरच्या उन्हात साठवण

फ्रीजरमध्ये ठेवायची तर डबा न उघडता, जाड झिपच्या पिशवीत, हवा काढून, आणि तिच्यावर दुसरी पिशवी. वर फिल्मचं नाव, आत ठेवल्याची तारीख. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आदल्या दिवशी काढून ठेवा. गार फिल्मवर पावसाळ्यातल्या हवेचं पाणी धरलं तर शीट एकमेकींना चिकटतात, आणि त्या सुटत नाहीत.

आपल्याकडे खरी अडचण विजेची. फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. त्यांचा बर्फ झाला की वीज गेली तरी कित्येक तास थंडावा टिकतो. स्टॅबिलायझर लावा.

उन्हाळ्यात भरलेले होल्डर स्कूटरच्या डिकीत कधीच ठेवू नका. मी लग्नातल्या आइस्क्रीमचा थर्माकोलचा डबा वापरते, तळाला जेल पॅक, त्यावर टॉवेल, मग होल्डर. जेल पॅक होल्डरला चिकटू द्यायचा नाही, नाहीतर दव धरतं.

एक्स-रे फिल्म

ज्याला सराव करायचा आहे, किंवा ज्याचा कॅमेरा आडमापाचा आहे, त्यानं कॅमेऱ्यात चालणाऱ्या एक्स-रे फिल्मसाठी गावातल्या सर्जिकलच्या दुकानात जावं. लातूरला दवाखान्यांची कमी नाही. पण आता बहुतेक ठिकाणी डिजिटल मशीन आलं आणि तिथली फिल्म 'ड्राय' असते. ती प्रिंटरमध्ये उष्णतेनं उमटते, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही. तुम्हाला जुनी, डेव्हलपरमध्ये धुवायची फिल्म हवी. मी मागते त्या दुकानदाराचं दर वेळी एकच: "मॅडम, ती ओली फिल्म आता कोण घेतंय? तुमच्या एकटीसाठी मागवतो." मागवतो, हे महत्त्वाचं. ग्रीन सेन्सिटिव्ह मागा. ब्लू असली तर तिला निळ्याशिवाय फारसं काही दिसत नाही.

आठ बाय दहाच्या एका शीटमधून चार बाय पाचच्या चार निघतात, किंवा फुल प्लेटची एक. लाल दिव्यात कापता येते, कारण तिला लाल दिसत नाही. बरोबर चार बाय पाच कापलीत तर होल्डरमध्ये शिरणार नाही, लांबी-रुंदी दीडेक मिलिमीटर कमी ठेवा. स्पीड पन्नास धरून सुरुवात करा.

लाल दिसत नाही म्हणजे काय, हे पहिल्या पोर्ट्रेटला कळतं. कपाळाचं कुंकू काळं येतं, उन्हानं रापलेला चेहरा आणखी गडद होतो, प्रत्येक सुरकुती उठून दिसते. शेतात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्याला ते फार शोभतं. लग्नाच्या फोटोला नाही.

एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि ते ओलं असताना नखानंही निघतं. ट्रेच्या तळाशी काच ठेवा, एका वेळी एकच शीट धुवा. कॉन्ट्रास्ट भडक येतो म्हणून डेव्हलपर पातळ ठेवा, मी डी-७६ नावाचा डेव्हलपर (कृती पुढे आहे) एकास तीन पाणी घालून वापरते. प्रिंट आणखी स्वच्छ हवी असेल तर वाळलेली निगेटिव्ह काचेवर ठेवून, कडांना टेप लावून, वरच्या बाजूचं इमल्शन कपड्याच्या ब्लीचनं काढता येतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीच हायपोच्या किंवा स्टॉप बाथच्या (डेव्हलपरनंतरच्या आम्लाच्या पाण्याच्या) जवळही नेऊ नका. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. हे मी वर्गात शिकवते तितक्याच गंभीरपणे सांगते आहे.

रसायनं आणि पाणी

फिल्म मिळाली आणि धुणारा नसला तर काय उपयोग? डेव्हलपर स्वतः बनवायला शिका, ते बंद पडण्याची भीती कायमची जाते. डी-७६: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्यांकडे हे चारही मिळतात. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या, बोअरच्या जड पाण्यानं निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात. फिक्सरला हायपोचे खडे २५० ग्रॅम लिटरला. खडे विरघळताना पाणी आपोआप गार होतं, मे महिन्यात ते सोयीचंच पडतं.

डेव्हलपरच्या वेळेचे तक्ते वीस अंशाचे असतात. आमच्या टाकीचं पाणी मे महिन्यात हाताला चटका देतं. मी पहाटे पाचला धुते, माठातल्या पाण्यानं. चोवीस अंश मिळाले तरी पुरे. एफपी-फोरला डी-७६ एकास एकमध्ये वीस अंशाला अकरा मिनिटं लागतात, चोवीसला पावणेआठच्या आसपास. पाच मिनिटांच्या खाली वेळ गेली तर आकाशात ढगाळ पट्टे दिसू लागतात. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी, तिन्ही एकाच माठातलं असू द्या. गरम-गार झालं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात.

धुण्याचं पाणी कसं वाचवायचं हे २०१६ नं शिकवलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, आणि नळाखाली तासभर निगेटिव्ह धरायची मला लाज वाटली. तेव्हा इलफोर्डची पद्धत घेतली. फिल्म धुवायच्या छोट्या बंद टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. हार्डनर, म्हणजे जिलेटिन कडक करणारं रसायन, नसलेल्या फिक्सरला एवढं पुरतं. मी साधा हायपो वापरते म्हणून चौथं पाणी देते. माझ्या टाकीत चार शीट आणि अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे चार निगेटिव्हला दोन लिटर. त्या वर्षीच्या निगेटिव्ह आजही स्वच्छ आहेत, एकही पिवळी पडलेली नाही. वापरलेला हायपो मोरीत सोडू नका, त्यात चांदी असते. बरणीत साठवून भांडी घासायची लोखंडी काथी टाकून ठेवली की चांदी तळाशी काळ्या गाळासारखी बसते.

ऑर्डरीचा माझा महिना डिसेंबर. जानेवारीत माल येतो तेव्हा कुरिअरची गोदामं गार असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली चार दिवस पडलेला डबा मला नको. या डिसेंबरची यादी वहीत लिहून ठेवली आहे: एफपी-फोर पंचवीस शीटचे चार डबे, फोमापॅन १०० पन्नासचा एक, एक्स-रे ग्रीन आठ बाय दहाचा एक, मेटॉल शंभर ग्रॅम, आणि पोरांसाठी दहा रोल.